लेप उतरविला त्याची हकीकत

देवळाविषयी लिहावयाचे म्हटले म्हणजे मूर्तीविषयी लिहावे, उत्सवाविषयी लिहावे, फार तर शिखराविषयी लिहावे. पायाखालच्या फरशीविषयी कोणी लिहीत नाही. आम्हीही लिहिले नसते. परंतु गेली दोन वर्षे आमचे अर्धे चित्त गाभाऱ्यापेक्षा प्रांगणातील दगडाकडेच लागून राहिले होते, आणि ज्या चुकीपायी ते तिकडे गेले ती चूक आमच्या हातची होती. दुसऱ्या एखाद्या देवस्थानाच्या व्यवस्थापकांनी तीच करू नये, एवढ्यासाठी ही हकीकत लिहीत आहोत.

आमचे उटनूर आदिलाबाद जिल्ह्याच्या डोंगराळ भागात आहे. गोंडांच्या काळचा किल्ला, भोवती सागाचे रान, आणि आठवड्याच्या बाजारात गोंडी, तेलुगू, मराठी, लंबाडी व उर्दू अशा पाच भाषा एकाच तराजूत तोलल्या जाव्यात, असे हे गाव. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा किनवट आणि राजुरा हे भाग आमच्या जिल्ह्यातून निघून मराठी मुलखास मिळाले. आम्ही अलीकडे राहिलो. कचेरीची भाषा बदलली, पण माहूरची वारी चुकली नाही आणि घरातील मराठी सुटली नाही. देऊळ महादेवाचे आहे. त्याची व्यवस्था आम्ही चौघे पाहतो. पाहतो म्हणजे वर्गणी जमवितो आणि लोकांची बोलणी खातो.

देवळाचे जोते आमच्याच डोंगरातील काळ्या पाषाणाचे. प्रांगण मात्र आमच्या वडिलांच्या पिढीने मागाहून तांदूरच्या फरशीने मढविले. ही फरशी हैदराबादच्या पश्चिमेस, कर्नाटकाच्या सीमेलगत असलेल्या तांदूरच्या खाणींतून येते. एक जात निळसर, दुसरी पिवळसर. शहाबादी फरशी तिची थोरली बहीणच म्हणावयाची, कारण भीमेच्या खोऱ्यातील त्याच चुनखडीच्या थरांतून दोघी निघाल्या आहेत. गोमंतकातील वाचकांस जांभ्याचा चिरा परिचित असेल. तो सच्छिद्र, घटाघटा पाणी पिणारा. तांदूर त्याच्या उलट, अंगाने दाट. पाणी पितो, पण बेताने. मात्र बेताने का होईना, जे प्यावयाचे ते बाहेरही टाकावे लागते, हे आमच्या ध्यानात आले नव्हते.

वडिलांच्या पिढीने फरशी बसविली आणि तिला काहीही लावले नाही. चाळीस वर्षांत अनवाणी पावलांनी तिला जे तेज आले होते ते मंद होते. सकाळच्या तिरप्या उन्हातच ते दिसे. प्रदक्षिणेच्या वाटेवर ते अधिक, कोपऱ्यांत कमी. त्यावर कुंकवाचे, तेलाचे, नारळाच्या पाण्याचे डाग होते. आम्हांस त्या डागांची लाज वाटू लागली. शेजारच्या गावांत नवी देवळे चकचकीत ग्रॅनाइटची होत होती, आणि आपले देऊळ जुनाट दिसते असे तरुण मंडळी बोलून दाखवीत. याच सुमारास एका ठेकेदाराने फरशीवर सीलरचा लेप चढविण्याचे सुचविले. त्याने कोपऱ्यातील एका फरशीवर तो लावून दाखविला. दगड नुकताच धुतल्यासारखा गर्द निळा दिसू लागला आणि त्यात शिखराची सावली उमटली. आम्ही चौघेही भुललो.

वर्धापनदिन वैशाखात. दिवस थोडे उरले होते. आदल्या दिवशी प्रांगण भरपूर पाण्याने धुतले, आणि दुसऱ्या दिवशी भर दुपारी, फरशीवर पाय ठरत नसता, एकावर एक दोन हात चढविले. धुतलेले पाणी दरजांतून खाली उतरून तेथेच बसले आहे, हा विचार कोणाच्या मनास शिवला नाही. डब्यावर काय नाव होते, आत कोणते द्रव्य होते, हे आम्ही टिपून ठेवले नाही, विचारलेसुद्धा नाही. घरी साधा रंग देताना जी चौकशी करतो ती देवाच्या दारी केली नाही.

वर्धापनदिन झोकात पार पडला. छायाचित्रे निघाली. महिन्याभरात मृगाचा पाऊस आला, आणि श्रावणाच्या दुसऱ्या सोमवारी एक वृद्ध बाई गोमुखाजवळून सोमसूत्री प्रदक्षिणेत परत फिरताना घसरून पडल्या. मनगट मोडले. हातातील तांब्या घरंगळत पार तुळशीवृंदावनापर्यंत गेला. त्याचा तो आवाज आमच्या कानांत अजून आहे. आम्ही त्यांना उचलून बसविले तेव्हा त्यांनी तक्रार केली नाही. एवढेच म्हणाल्या, “देवाच्या दारात काच कशाला हो अंथरली, बाबा? माझा पाय या दगडाला चाळीस वर्षं ओळखत होता.”

भाद्रपदापर्यंत दुसरे लक्षण दिसू लागले. फरशीवर पांढुरके ढग उठले, डोळ्यात मोतीबिंदू वाढावा तसे. प्रथम ते शोऱ्याचे असावेत असे वाटले. जुन्या भिंतींना जो पांढरा क्षार फुटतो तो ओल्या फडक्याने जातो आणि वाळल्यावर पुन्हा येतो. हे ढग फडक्याने जाईनात. ते दगडावर नव्हतेच. दगड आणि लेप यांच्या मध्ये होते. खालून वर येणारी ओल पापुद्र्याशी येऊन अडली होती आणि तेथेच तिने लेपाची पकड सोडविली होती. पुढे थंडी आली. आदिलाबादची थंडी साऱ्या तेलंगणात नावाजलेली आहे. रात्री गारठून आणि दुपारी तापून तो पापुद्रा कडेकडेने उचलू लागला. पोरे नखांनी त्याच्या साली काढीत. एका पोराने काढलेली तळहाताएवढी साल आम्ही उजेडात धरून पाहिली. तिच्या पोटाशी दगडाची बारीक पूड चिकटलेली होती. जाताना तो लेप दगडाचे कातडे घेऊन चालला होता.

अशा चुकीत आम्ही एकटे नाही, हे पुढे कळले तेव्हा थोडा धीर आला. आमचा जिल्हा आणि अजिंठा दोन्ही त्या काळी हैदराबाद संस्थानात. निजाम सरकारने १९२० ते १९२२ या काळात अजिंठ्याची चित्रे वाचविण्यासाठी इटलीहून लोरेंझो चेक्कोनी आणि ओर्सिनी या दोघा जाणत्यांस आणविले. भिंतीवरून सुटू पाहणारा गिलावा त्यांनी पुन्हा चिकटवून बसविला; ते काम मोलाचे होते. पण चित्रांवर लाखेचा पातळ लेपही दिला गेला. आरंभी रंग उजळले. पुढे लाख पिवळी पडली, काळवंडली, तडकली, आणि धूळ धरून बसली. तो लेप बोटाबोटाने काढण्याचे काम पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना कित्येक दशके पुरले. जे लावावयाचे ते पुढच्या पिढीस काढता येईल असेच लावावे, हा नियम त्या क्षेत्रातील लोक आज पाळतात, तो अशाच ठेचा खाऊन. पंढरपुरासही २०२४ च्या मार्चपासून जूनच्या आरंभापर्यंत पदस्पर्श दर्शन बंद ठेवून गाभाऱ्यातील अलीकडच्या काळातील संगमरवर आणि ग्रॅनाइट उतरविण्यात आले आणि मूळ पाषाण मोकळा झाला. ती बातमी वाचली त्या संध्याकाळी आम्ही चौघे ओवरीत बसलो आणि आपला लेप काढावयाचाच, असे ठरविले.

ठरविणे सोपे होते. उपाय सांगणारे पुष्कळ निघाले. एकाने वर आणखी एक हात द्या म्हटले. ढग झाकले जातील. दुसऱ्याने यंत्राने घासून काढा म्हटले. मग वडिलांच्या वेळचे तेज कायमचे गेले असते आणि दगडही चहूकडे सारखा घासला गेला नसता. बहुतेकांचा सल्ला अॅसिडचा होता, कारण आमच्याकडे न्हाणीघरापासून देवळापर्यंत कोणताही डाग अॅसिडनेच जातो अशी समजूत आहे. आम्ही फरशीचा एक फुटका तुकडा घेतला व त्यावर दोन थेंब टाकले. दगड सोड्यासारखा फसफसला. वाळल्यावर तेथे खडबडीत खळगा राहिला, आणि शेजारच्या लेपाच्या सालीस काहीही झाले नव्हते. चुनखडीवर अॅसिड घालणे म्हणजे रोग सोडून रोग्यास मारणे होय. ग्रॅनाइटवर किंवा काळ्या पाषाणावर असा फेस येत नाही. म्हणून फरशी कोणत्या जातीची आहे हे आधी ठरवावे. याच कारणाने, देवाची तांब्या-पितळेची उपकरणी चिंच-लिंबाने घासण्याची जागाही आम्ही तेव्हापासून फरशीवरून हलविली. चिंचेचे आम्ल सौम्य खरे, पण दगडावर जे फिक्कट ठसे आम्ही तेलाचे समजत होतो त्यांतील निम्मे चिंचेचे निघाले.

लेप कोणत्या जातीचा, हा पुढला प्रश्न. तो सोडविला किनवटकडून आमच्याकडे कामास येणाऱ्या एका म्हाताऱ्या गवंड्याने. त्याने रंगाच्या दुकानातून झायलीनची बाटली आणविली, चिंधी भिजवून कोपऱ्यातील फरशीवर ठेवली आणि तंबाखू मळीत बसला. पाच-दहा मिनिटांनी चिंधी उचलली तर खालचा लेप गुळाच्या पाकासारखा चिकट झालेला. “सुटतंय, मालक,” तो म्हणाला, “हे न सुटणारं असतं तर तुमची धडगत नव्हती.” त्याचा अर्थ नंतर उमगला. अॅक्रिलिकचा लेप आपल्या द्रावणात पुन्हा विरघळतो. इपॉक्सी किंवा पॉलियुरेथेन एकदा आवळून बसले की झायलीनला दाद देत नाही, त्याला अधिक जहाल औषध लागते. आमचे नशीब की स्वस्तातला माल लावला होता.

आता अडचण आली ती दिव्याची. झायलीन पेट घेते. त्याची वाफ हवेहून जड असल्याने जमिनीलगत सरपटत जाते आणि दूरच्या ज्योतीपर्यंत पोचते. आमच्या गाभाऱ्यात नंदादीप आहे. तो आमच्या आठवणीत कधी विझलेला नाही. गुरवांना विचारले. ते दोन दिवस गप्प राहिले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “दीप विझवायचा नाही. काम तुम्ही बदला.” त्यांचे बरोबर होते. शेवटी असे ठरले की, झायलीन उघड्या प्रांगणात, देवळापासून लांबच्या निम्म्या भागात वापरावयाचे, तेही वारा देवळाकडून बाहेर वाहत असेल तेव्हाच. कापूर व उदबत्ती त्या वेळी बंद. सभामंडपाच्या पायरीपासून गोमुखापर्यंत बेंझिल अल्कोहोलचा, पाण्याने धुऊन निघणारा मलमासारखा पदार्थ लावावयाचा. तो महाग पडला आणि कामही दुप्पट सावकाश झाले. मेथिलीन क्लोराइडचे द्रावण त्याहून झटपट काम करते असे दुकानदार सांगत होता. ते आम्ही घेतले नाही. त्याच्या वाफेने कोंडलेल्या जागेत माणसे दगावली आहेत. २०१९ साली अमेरिकेने घरगुती वापराच्या रंग काढण्याच्या औषधांतून ते वर्ज्य केले.

कार्तिकी पौर्णिमा उलटल्यावर काम धरले. पाऊस संपलेला, ऊन सौम्य, आणि पौषातल्या अमावास्येच्या आत हात मोकळे होणे भाग; कारण त्या रात्री केसलापूरला नागोबाची जत्रा भरते आणि तिकडे जाणारे लोक आमच्याही देवळात टेकतात. मेस्राम कुळीचे गोंड गोदावरीचे पाणी झारीत घेऊन अनवाणी चालत येतात व त्या पाण्याने नागोबास अभिषेक करतात. २०२२ साली त्यांनी आपल्या कुळाच्या वर्गणीतून नागोबाचे नवे देऊळ घडीव दगडात उभारले. ज्यांची पावले इतके चालून येतात त्यांना आमच्या दारात घसरू द्यावयाचे नव्हते.

काम करण्याची रीत अशी. एका वेळी चार फरशांचे चौक घ्यावयाचे, अधिक नाही. सकाळच्या सावलीत द्रावण लावून वर प्लास्टिकचा कागद पसरावयाचा, म्हणजे ते उडून जात नाही. वाळू दिले तर विरघळलेला लेप पुन्हा तेथेच बसतो, आणि पहिल्यापेक्षा ओंगळ बसतो. हे आम्ही पहिल्याच दिवशी दोन चौक बिघडवून शिकलो. वीस मिनिटांनी लाकडी पट्टीने खरवडावयाचे. लोखंडी खरवडणी किंवा तारेचा ब्रश लावावयाचा नाही. ओरखडे राहतात आणि तारेचे तुकडे दरजांत अडकून पुढे गंजाचे तांबडे डाग देतात. नायलॉनच्या कडक ब्रशाने दरजा घासावयाच्या. निघालेला चिखल भुश्यात घेऊन पत्र्याच्या डब्यात भरावयाचा. गोमुखाच्या पन्हळीत किंवा विहिरीकडे त्याचा थेंब जाऊ द्यावयाचा नाही. हातमोजे हवेत, आणि नाकाला साधे फडके उपयोगाचे नाही, वाफ शोषणारी कोळशाची मुखपट्टी हवी. बहुतेक चौकांना दोन वेळा, काहींना तीन वेळा हे सारे करावे लागले. पाण्याचा जोरकस फवारा मारणारे यंत्र एकाने आणले होते; त्याने लेप निघेना, दरजांतील चुना मात्र निघाला. ते परत पाठविले.

लेप चढविण्यास दीड दिवस लागला होता. उतरविण्यास सव्वीस दिवस लागले. यांतील बरेच दिवस आम्ही स्वतः गुडघ्यांवर बसलो. मजुरीस पैसे पुरत नव्हते हे एक कारण, आणि दुसरे कारण वाचकांनी समजून घ्यावे. ज्या बाई पडल्या होत्या त्यांचा नातू रोज शाळा सुटल्यावर येऊन ब्रश हाती घेई. त्याला आम्ही झायलीनच्या बाजूस फिरकू दिले नाही. धुण्याचे पाणी तो आणी.

दगड उघडा झाला तेव्हा तो पूर्वीसारखा दिसत नव्हता. फिका, थकलेला, ठिकठिकाणी सोललेला. त्याला पंधरा दिवस नुसते वाळू दिले. रात्री प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून ठेवावा आणि सकाळी उचलून पाहावा. खाली दव जमले असेल तर दगड अजून ओला आहे. ईशान्येच्या कोपऱ्यात हे दव बरेच दिवस जाईना. खणून पाहिले तेव्हा तेथील भराव खचून पाणी साचत होते. म्हणजे मूळ दुखणे तेथे होते, आणि कोणताही लेप त्यावर फुकट गेला असता. अकरा फरशा उचलून, खाली खडी-वाळूचा थर देऊन, उतार गोमुखाकडे साधून त्या पुन्हा बसविल्या. या खर्चाचा अंदाज आम्ही कोठेच धरला नव्हता.

मग पुन्हा काही लावावे की नाही, यावर आमच्यात वाद झाला. दोघे म्हणत, एकदा पोळले ते पुरे. वडिलांनी काही लावले नव्हते. दोघांचे म्हणणे, सोललेला दगड आता अधिक तेल पिईल. दोन्ही बाजूंत तथ्य होते. बाजारात वर पापुद्रा न धरणारे, दगडात झिरपून त्याच्या रंध्रांस पाणी नकोसे करणारे सीलर मिळतात. सिलेन-सिलॉक्सेन हे त्यांतले प्रसिद्ध. त्यांत दगड झळाळत नाही, आणि आतली वाफ बाहेर येऊ शकते. परंतु या द्रव्याची खरी सोयरीक वाळूच्या, सिमेंटच्या व विटेच्या अंगाशी जुळते. शुद्ध चुनखडीशी ती तेवढी घट्ट जमत नाही. शिवाय ते दह्याच्या किंवा लिंबाच्या आम्लापासून दगड वाचवीत नाही, हे विकणारा सांगत नाही. आम्ही चार जागी चार फरशांवर ते लावून महिनाभर पाहिले. पाण्याचा थेंब टाकावा: न लावलेल्या फरशीवर तो थोड्या वेळात मुरून काळा ठिपका होई, लावलेल्यांवर मोत्यासारखा राही. तेलाचा डाग मात्र दोन्हींवर पडला. फक्त एकीवरून तो साबणाने निघाला. मुख्य म्हणजे ओल्या फरशीवर अनवाणी चालून पाहिले. पाय दोन्हींवर सारखाच ठरला.

शेवटी तडजोड झाली. समयांच्या भोवती आणि नारळ फोडण्याच्या जागी तेवढे ते द्रव्य लावले: पहाटे, गार दगडावर, एकच पातळ हात, आणि दहा मिनिटांत वरचे उरलेले कोरड्या फडक्याने पुसून. पुसले नाही तर तेच चिकट थर होऊन बसते. चोवीस तास तेथे पाणी पडू दिले नाही. गोमुखाभोवती आणि प्रदक्षिणेच्या साऱ्या वाटेवर काही लावले नाही. डब्याचे नाव, तारीख आणि कोणत्या फरशा, हे देवस्थानाच्या वहीत लिहून ठेवले आहे.

वर्गणीदारांस हिशोब दाखविणे हा भाग सर्वांत अवघड गेला. लेप लावण्याचा खर्च आणि काढण्याचा खर्च एकाच पानावर, एकाखाली एक लिहिला. दुसरा पहिल्याच्या अडीचपट होता. सभेत कोणी रागावले नाही. एकाने फक्त विचारले की, जुने डाग कोठे गेले. कुंकवाचे काही डाग लेपाबरोबर निघून गेले होते, हे खरे.

तुळशीवृंदावनामागची एक फरशी आम्ही मुद्दाम तशीच ठेवली आहे, लेपासकट. ठेकेदाराने पहिल्याने लावून दाखविली होती तीच. ती आता पांढरी झाली आहे आणि कडेने उलते आहे.

यंदा मृगाचा पहिला पाऊस रात्री आला. पहाटे काकड्याच्या आधी आम्ही कंदील घेऊन प्रांगणात उतरलो. फरशी काळीभोर भिजली होती, ईशान्येच्या कोपऱ्यात पाणी साचले नव्हते. ऊन वर आले तसा दगड आधी कडांकडून, मग मध्ये, फिका होत गेला. त्या बाई आल्या तेव्हा तो पुरता वाळलेला नव्हता. त्यांनी पायरीवरून उतरून उजवे पाऊल टेकले, जरासे दाबून पाहिले, आणि तांब्या दुसऱ्या हातात घेऊन गोमुखाकडे चालू लागल्या.